एकसष्टावा मणी

या, इकडे जवळ येऊन बसा, पंख्याखाली. तुमची एक खोड मले बिलकुल आवडत नाई, ते आज सांगूनच टाकते. दारावरून जाता जाता विचारता, "पुष्पाताई, तुम्ही विद्यापीठात नेमकं काय करत होत्या?" आणि मी तोंड उघडेपर्यंत तुम्ही फाटकाबाहेर! इतकी वर्षं विचारून राह्यले, पण उत्तर ऐकाले एक जण थांबला नाई. वरून प्रोटीन म्हटलं का मले डाळीचा भाव सांगता.

आमच्या आर्वीच्या एका कापडवाल्या शेठजींनी तर कमालच केली. पोराच्या व्यायामशाळेतला पावडरचा डबा घेऊन घरी आले. "बाई, तुमी प्रोटीनवाल्या ना? हा माल असली हाय का नकली, तेवढं सांगा."

"शेठजी, मी डबे नाई तपासत. मी कॉम्प्युटरवर बसते."

"मंग कॉम्प्युटरवर पाहून सांगा ना!"

तर आता दिवाळी अंकवाल्यांनी मांगतलंच आहे, म्हणून एकदाचं लिहून देते. नोकरीले कधी लागली, कधी सुटली, ते वाचून तुम्हाले काय करायचं? मले एका मण्याची आणि एका बाईची गोष्ट सांगायची आहे. त्या बाईचा मी हेवा करत होती असं नाई म्हणत. करते.

पहिले धंदा समजून घ्या. प्रथिन म्हणजे एक पोत समजा. वीस जातींचे मणी, आणि कोणत्या मण्यामागे कोणता मणी हे ठरलेलं. पण ही पोत गळ्यात लोंबते तशी सरळ राहात नाई. ओवून झाली का स्वतःच गुंडाळते, तिच्या घड्या पडतात, आणि जशी घडी तसं तिचं काम. एखादी घडी कात्रीसारखी कापते, एखादी कुलूप होऊन बसते. जगभरातले संशोधक असे मण्यांचे क्रम शोधून काढतात आणि एका सामाईक भांडारात टाकतात. ते कोणालेही घरबसल्या पाहाता येतात. माझं काम म्हणजे ते क्रम शेजारी शेजारी मांडून पाहाणं, आणि घडी कशी पडली असेल, कोणता मणी कामाचा, कोणता नुसता भरतीचा, हे सांगणं.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं. बाळंतिणीच्या घरी लेकरू पाहाले गेलेल्या बाया काय करतात? "नाक बापाचं, कान मामाचे, कपाळ तर थेट आजीचं." साऱ्या खानदानात जे नाक बदलत नाई, ते त्या घराण्याचं. आणि साऱ्यांपेक्षा वेगळं असं काही एकाच लेकरात दिसलं का बायांचे डोळे तिथेच थांबतात. मी तेच करत होती. फक्त माझी लेकरं हजारोंनी होती आणि त्यांच्या आया मले चहा देत नव्हत्या.

हे मले कोणी शिकवलं नाई. मी साधी बीएस्सी. विभागात मण्यांचे क्रम टाइप करून ठेवाच्या कामावर लागली. टाइप करता करता वाटलं, हे जुळवाचं काम मशीनकडूनच करून घेता आलं तर? एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं, पहिलं प्रकरण फाटलेलं. दुसऱ्यापासून शिकली. विभागातले पोट्टे म्हणत, "पुष्पाताईचा प्रोग्राम सुरूच होत नाई, पण एकदा झाला का मंग थांबत नाई." म्हणोत. पुढे त्याच प्रोग्रामवर त्यांचे प्रबंध झाले, आणि मीही टाइपाच्या टेबलावरून संशोधकाच्या टेबलावर गेली. नावापुढे डॉक्टर मात्र लागलं नाई.

शालूच्या नावापुढे होतं. डॉक्टर शालिनी. आंजीची, मोठ्या आंजीची, शेतकऱ्याच्या घरची. माझ्या बाजूची खोली तिची, आणि त्या खोलीत तिच्या अळ्या. हरभऱ्यावर पडते ना, तीच घाटेअळी. तुरीच्या शेंगा पोखरते, कपाशीचं बोंडही सोडत नाई. ती अळी शालू डब्यात पोसत होती. तिले खायले बेसनाचा घट्ट शिरा करून देत होती, त्यात एकेक प्रथिन मिसळून पाहात होती. कोणत्या प्रथिनानं अळीचं पोट बिघडते, हा तिचा अभ्यास.

आता मले सांगा, अळी दाखवता येते. माझं काय दाखवता येते?

मी सकाळी आर्वीहून वर्ध्याच्या एसटीत बसे. शालू आंजीले चढे. ती पायरीवर दिसली का कंडक्टर ओरडे, "सरका बाप्पा, अळीवाल्या म्याडम आल्या!" लोक उठून जागा देत. मागून कोणी विचारे, "म्याडम, तुरीवर फवारा मारू का चार दिवस थांबू?" ती नीट समजावून सांगे. मी शेजारीच बसलेली असे. एकदा एका आजोबांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. मले वाटलं, आली बाई आपली पाळी! तर म्हणतात कसे, "बाई, म्याडमची थैली जरा मांडीवर घ्या न."

माझी सासू एकदा विद्यापीठ पाहाले आली. माझ्या खोलीत डोकावली, म्हणाली, "टीव्ही लावून बसते काय व दिवसभर?" आणि गेली शालूच्या खोलीत. तिथून निघाले तयार नाई. घरी येऊन साऱ्या गल्लीले सांगतलं, "बेसन खातात माय, बेसन! आपल्यापेक्षा बऱ्या." सून काय करते हे त्या गल्लीले अजून माहीत नाई.

आणि ते इन्व्हर्टर! उन्हाळ्यात लाइन जाये. माझं एकेक गणित दिवसांमागे दिवस चालणारं, लाइन गेली का पहिलेपासून. मी इन्व्हर्टरसाठी अर्ज केला. ते आलंही, पण शालूच्या खोलीत लागलं. मी विभागप्रमुखांकडे गेली. सर म्हणाले, "बाई, गारवा गेला तर अळ्या मरतील. तुमचं गणित मरते का?"

मरते हो, सर. पण त्याचं प्रेत दिसत नाई.

आता तो मणी.

आमच्या तुरीचे रानात काही भाईबंद आहेत. कोणी पेरत नाई, कोणी फवारत नाई, तरी अळी त्यांच्या वाटेले फारशी जात नाई. त्यांच्या दाण्यात एक प्रथिन असते. अळीच्या पोटात जी कात्री खाल्लेलं कापते, पचवते, त्या कात्रीत हे प्रथिन जाऊन अडकून बसते. कात्री चालेना, अळी उपाशी. पण पूर्ण उपाशी नाई राहात, हळूहळू सावरते. आम्हाले त्याची पकड पक्की करायची होती. एक मणी बदलायचा, पण कोणता? ते सांगायचं काम माझं. बदलून, जिवाणूंकडून नवं प्रथिन करवून घेऊन अळीले चारायचं काम शालूचं.

मी त्या प्रथिनाच्या साऱ्या खानदानाची नाकं पाह्यली. घडीचं चित्र हातानं जोडून जोडून तयार केलं. दोन वर्षं गेली. शेवटी एका मण्यापाशी माझे डोळे थांबले. एकसष्टावा. जात सेरीन. साऱ्या भाईबंदांत तिथे दुसरंच काही, आणि फक्त या रानतुरीत सेरीन. मी म्हटलं, हाच.

हे मी शालूले कुठे सांगतलं? एसटीत. आमची सारी महत्त्वाची बोलणी एसटीतच व्हायची. माझ्या मांडीवर तिची थैली, बाजूले कोणाची तरी कोंबडी ओरडून राह्यलेली.

"एकसष्ट," मी म्हटलं.

"सेरीनच ना?" तिनं विचारलं.

"सेरीनच."

"बराबर. माह्या कागदावर बी एकसष्टाले सेरीनच हाय."

आमच्या धंद्यात अशी रीत आहे, की आकड्यासोबत मण्याची जातही सांगायची. जात जुळली का समजायचं, दोघांचं बोट एकाच मण्यावर आहे. जुळली. आम्ही निश्चिंत.

हंगाम सरला, आणि शालूच्या अळ्या खुरटल्या. अशा खुरटल्या का काय सांगू! एका डब्यात बोटाएवढ्या, हिरव्या, टरटरीत. दुसऱ्या डब्यात सुतळीच्या तुकड्यासारख्या. वरून मोठे पाहुणे आले, दोन्ही डबे पाहून वा वा करू लागले. शालूनं मले हात धरून पुढे ओढलं. "सर, हा मणी हिनं सांगतला." पाहुण्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पुन्हा डब्यात पाहू लागले.

मग या संशोधनाचा पेपर लिहाची वेळ आली. चित्र माझं. घडीचं चित्र काढून त्यात बदललेला मणी लाल रंगवायचा. शालूनं जे प्रथिन करवून घेतलं होतं, त्याचा पूर्ण क्रम मी पहिल्यांदाच तवा उघडला. पाहाते तर काय, माझा मणी जागच्या जागी, जसाच्या तसा. बदललेला मणी दूर, दुसऱ्याच बाजूले.

मी तशीच तिच्या खोलीत गेली. ती डबा उघडून बसली होती.

"शाले, तू कुठून मोजलं?"

"सुरुवातीपासून."

"कोणती सुरुवात?"

"अव, प्रथिन जिथून सुरू होते तिथून. पत्ता कापल्यावर."

हे पत्त्याचं तुम्हाले सांगायचं राह्यलं. काही प्रथिनांच्या तोंडाशी थोडे मणी असतात, ते म्हणजे पार्सलवरची चिठ्ठी. हे पार्सल कुठे पोचवायचं, एवढंच सांगाले. पोचलं का ती चिठ्ठी कापून टाकली जाते. मी भांडारातला पूर्ण क्रम पाहाणारी, म्हणून चिठ्ठीसकट मोजत होती. शालू दाण्यातलं तयार प्रथिन हाताळणारी, तिची मोजणी चिठ्ठी कापल्यावरची. दोन्ही पद्धती चालतात, दोन्ही बराबर. माझा एकसष्टावा वेगळा, तिचा वेगळा. आणि दोन्ही जागी सेरीन! वीस जाती आहेत हो मण्यांच्या, पण नेमकं तिथेच दोन्हीकडे सेरीन.

शालूनं डब्यावर झाकण ठेवलं. "म्हणजे पुष्पे, आपण बदलला तो मणी कोणाचा?"

"कोणाचाच नाई," मी म्हटलं.

पण तसं राहात नाई ना. ज्याच्या डब्यात अळी खुरटली त्याचा तो मणी झाला. पेपरात शालूचं नाव पहिलं, विभागप्रमुखांचं आखरी, माझं मधात. मधलं नाव म्हणजे लग्नाच्या फोटोतली मागच्या रांगेतली बाई. हजर होती, एवढंच समजते.

मी सरांले म्हटलं, "आता माझा खरा मणी बदलून पाहू."

"बाई, अळी मेली का नाई?"

"मेली नाई सर, खुरटली."

"मंग झालं तं! चांगलं झालेलं कायले उकरता?"

तिथून माझ्या मनात जे घर करून बसलं, ते बसलंच. माझा मणी कोणी पाह्यलाच नाई. तो बदलला असता तर अळ्या नुसत्या खुरटल्या नसत्या, मेल्या असत्या. हे मी एसटीत सांगे, लग्नात सांगे. कंडक्टरले तर पाठ झालं होतं. शालू तवा खिडकीबाहेर पाहात राहे. मले वाटे, तिले टोचून राह्यलं असेल. टोचू दे.

दोघीही निवृत्त झालो. ती आंजीले, मी आर्वीले. माझी सवय मात्र गेली नाई. घरी कॉम्प्युटर आहे, भांडार फुकट आहे. आणि आता तर नवाच प्रकार निघाला. मण्यांचा क्रम टाका, मशीन स्वतः घडी पाडून दाखवते. मी माझ्या रानतुरीचा क्रम टाकला आणि चहा ठेवाले गेली. चहा उतू जाते न जाते तर चित्र तयार! माझी दोन वर्षं, त्याचा एक चहा. चित्र बरंचसं माझ्यासारखंच होतं. छाती फुगली, आणि दुसऱ्याच घटकेले त्या मशीनचा असा हेवा वाटला का मी पडदा बंद करून टाकला. निर्जीव वस्तूचा हेवा करणारी मी एकटीच असेन.

पण ते मशीन घडी दाखवते. एक मणी बदलला तर अळीच्या पोटात काय होईल, हे ते छाती ठोकून नाई सांगत. त्याले अळीच लागते. म्हणजे पुन्हा शालूच! मागच्या हिवाळ्यात मी एसटीत बसली आणि तिच्या घरी जाऊन थडकली. ती अंगणात तुरीचे सोले काढत बसली होती. मीही शेंगा घेतल्या आणि सोलता सोलता विषय काढला.

"शाले, विभागात तुह्यं अजून ऐकतात. तेवढा माहा मणी एकदा तपासाले सांग. मराच्या आधी मले पाहू दे."

तिनं हातातली शेंग न सोलताच बाजूले ठेवली.

"सांगशील का नाई?"

"केलती मी तपासणी," ती म्हणाली.

"कोणती?"

"तुह्या मण्याची. तवाच. पेपर गेल्यावर, उरलेल्या सामानात. दोनदा केली."

"मंग?"

"मंग काय पुष्पे. मजेत खाल्लं अळ्यांनं. साध्या बेसनावरच्याहून जराशा जाडच झाल्या."

मले हसू यावं का रडू, कळेना. "काऊन नाई सांगतलं व मले?"

"कसं सांगू? तू साऱ्या एसटीले सांगत फिरे, माह्या मण्यानं अळी मेलीच असती. कंडक्टर बी मान हलवे. त्यात मी म्हणू, नाई मरत? पेपरवर नाव माह्यं वरतं, आणि वरून तुहा मणी खोटा, हे बी मीच सांगू? मले नाई जमलं."

"म्हणजे दया केली माह्यावर!"

"दया कायची व? तू बोले तं बरं वाटे ऐकाले. मी बी विचार करो, असंच असतं तं किती मजा होती."

मी उठली. ती म्हणे, जेवून जा, सोल्याची भाजी टाकते. मी म्हटलं, मले गाडी आहे. गाडी नव्हती. आंजीच्या थांब्यावर उन्हात उभी राह्यली. ती मागून आली, बाजूले उभी राह्यली. गाडी आली, मी चढली, वळून पाह्यलं नाई.

मले राग कायचा आला, सांगू? मणी चुकला त्याचा थोडा. ज्यानं मणी निवडले त्याचे काही चुकणारच. पण माझ्या मण्याबद्दल जे मले माहीत नव्हतं, ते तिले माहीत होतं! इतकी वर्षं, त्याच सीटवर, खांद्याले खांदा लावून. तिच्या अळ्यांले बी माहीत होतं. नव्हतं ते एकट्या मले. आणि एवढी गोष्ट पोटात ठेवून ती रोज माझ्याशी हसून बोलू शकली, याचाही हेवा वाटला. माझ्या पोटात सकाळची गोष्ट दुपारपर्यंत टिकत नाई.

मग बरेच दिवस तिचे फोन आले, मी घेतले नाईत. एक दिवस ते मशीनचं चित्र पुन्हा उघडलं. या वेळी नीट, सगळे कोपरे. माझ्या हातानं काढलेल्या चित्रात माझा मणी बाहेर होता, कात्रीच्या तोंडावर. या चित्रात तो एका घडीखाली आत दबलेला. कात्री त्याले शिवतही नसेल. अळ्या जाड झाल्या त्यात नवल काय? मान्य केलं. कडू लागलं, पण केलं.

आणि मग मी शालूच्या मण्याकडे वळली. तो चालला, हे साऱ्या जगाले माहीत आहे. काऊन चालला, हे कोणालेच माहीत नाई. पेपरात आम्ही त्या जागी "बहुधा" असा शब्द लिहून दोन ओळींत पळ काढला होता. मी चित्र फिरवलं, उलटं केलं, अळीच्या कात्रीचं चित्र त्याच्याशेजारी आणून ठेवलं. आणि मले दिसलं. पुन्हा पुन्हा पाह्यलं, तेच दिसलं.

ते काय, हे मी इथे लिहिणार नाई. अंकवाले कितीही मांगोत. यापुढचं एकटीसाठीच आहे, बाकीचे वाचतील तर वाचोत.

शालू, दिवाळी अंक तुह्या घरी येते, मले माहीत आहे. तुहा मणी काऊन चालला ते मले समजलं आहे. आता मले माहीत आहे आणि तुले नाई. तू ठेवली तशी मीही ही गोष्ट पोटात ठेवून पाहून राह्यली, पण मले जमून नाई राह्यलं व. फोनवर सांगता येत नाई, ते पाहाच लागते. आणि मले जे दिसलं ते बराबर का चूक, हे अळीच्या पोटातलं जाणणारं माणूसच सांगेल. दुसरं कोण आहे मले?

सकाळच्या गाडीनं येजो. कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या मांडून ठेवते. पण एक सांगून ठेवते: गल्लीतल्या बाया जमतील, अळ्यांच्या गोष्टी सांगा म्हणतील. एक गोष्ट सांगशील तर याद राख. त्या दिवशी तू माझ्याकडे आलेली राहाशील. लवकर येजो.